शॉकअप बदलले, आवाज तोच

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की एक दिवस सोसायटीच्या गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर पुढून ‘टक’ असा आवाज येतो. आधी आपण तो ऐकून न ऐकल्यासारखा करतो, मग रेडिओ मोठा करतो, आणि शेवटी घरच्यांनी टोकले की गॅरेज गाठतो. तिथले निदान ठरलेले असते: ‘शॉकअप गेलेत साहेब, दोन्ही टाकून घ्या.’ शॉकअप पडतात, बिल होते, गाडी पहिल्यापेक्षा बरी चालते. स्पीडब्रेकर आला की पुन्हा ‘टक’.

यात दरवेळी कोणी फसवतेच असे नाही. शॉकअप डोळ्यांना दिसते, त्याचे नाव गिऱ्हाइकाला ठाऊक असते आणि ते बदलल्याचा फरक लगेच जाणवतो. पण जुन्या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये आवाजाचा उगम बहुतेक वेळा दुसरीकडे असतो. पोलाद सहसा दगा देत नाही. आधी रबर जाते, मग रबराच्या टोपीखाली लपलेला बॉल जॉइंट झिजतो, आणि या दोन्ही गोष्टी शॉकअपपेक्षा स्वस्त असतात. त्यामुळे पैसे काढण्याआधी रबराची चौकशी करावी, एवढेच माझे म्हणणे.

आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या छोट्या गाड्यांची पुढची रचना एकाच घराण्यातली आहे. मारुती ८००, झेन, वॅगन आर, सँट्रो, इंडिका, स्विफ्ट, सगळीकडे मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनिअर दुसऱ्या महायुद्धानंतर शेव्हरोलेच्या एका स्वस्त छोट्या गाडीवर काम करत होता. ती गाडी बाजारात आलीच नाही. तो फोर्डमध्ये गेला आणि त्याची कल्पना १९५० साली ब्रिटनमध्ये आलेल्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांना लागली. तोवर पुढच्या चाकाला साधारणपणे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असत. मॅकफर्सनने वरचा आर्म काढूनच टाकला आणि त्याचे काम शॉकअपवर सोपवले. स्प्रिंग शॉकअपच्या अंगावर बसवली, वरचे टोक बॉनेटखाली बॉडीला टांगले, खालचे टोक चाक ज्यावर बसते त्या नकलला बोल्टने धरले. भाग कमी झाले, जागा वाचली, आणि इंजिन आडवे बसवून पुढची चाके चालवणाऱ्या छोट्या गाड्यांना ही मांडणी फारच सोयीची पडली.

या रचनेत शॉकअप हे नुसते शॉकअप नसते. ते चाकाला उभे धरणारा खांबही आहे. स्टिअरिंग वळवले की स्प्रिंगसकट सगळा स्ट्रट फिरतो, म्हणून त्याच्या माथ्यावर एक बेअरिंग आणि रबराचे जाड माउंटिंग असते. खाली एकच लोअर आर्म. त्याचे आतले टोक बुशमध्ये, बाहेरचे बॉल जॉइंटमध्ये. स्टिअरिंग रॅकमधून निघालेला टाय रॉड चाकाची दिशा ठरवतो, आणि डावे-उजवे चाक एकमेकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार वळणावर गाडी कलू देत नाही.

मारुती ८०० मध्ये आणखी एक काटकसर आहे. १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षे निघालेल्या या गाडीचा लोअर आर्म म्हणजे एकच आडवी पट्टी. त्या पट्टीला पुढे-मागे सरकू न देण्याचे कामही स्टॅबिलायझर बारच करतो. बारचे टोक आर्ममधून आरपार जाते, दोन्ही बाजूंना रबराचे बुश आणि वॉशर, आणि शेवटी नट. म्हणून ८०० मध्ये हे चार-आठ आणे किमतीचे वाटणारे बुश भुगा झाले की आवाज तर होतोच, शिवाय ब्रेक मारला की चाक किंचित मागे आणि सोडला की पुढे सरकते. ब्रेकवर गाडी एका बाजूला ओढते म्हणून लोक कॅलिपर उघडतात, पॅड बदलतात. दोष पुढच्या बंपरखाली लपलेला असतो.

त्याआधीच्या पिढीला हे प्रकरण वेगळ्या रीतीने भोगावे लागे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटला, म्हणजे नंतरच्या प्रीमियर पद्मिनीला, पुढे दोन-दोन आर्म आणि चाके ज्यांवर वळत त्या किंग पिन होत्या. अँबॅसिडरला तर कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन उसळणारी सरळ पोलादी कांब. या गाड्यांना जागोजागी ग्रीसचे निपल असत आणि ग्रीसिंग चुकले की किंग पिन खाल्लीच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी एवढी वर्षे चालल्या त्यात टॅक्सीवाल्यांच्या ग्रीस गनचा वाटा मोठा आहे. आजच्या बॉल जॉइंटला निपल नाही. कारखान्यात भरलेले ग्रीस आणि त्यावर रबरी बूट, एवढ्यावर त्याला जन्म काढायचा असतो. बूट फाटला की पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल आत जातो, ग्रीसमध्ये मिसळून त्याची पॉलिश पेस्ट होते, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत गोळा खोबणीत खुळखुळायला लागतो. मग दुरुस्ती नाही, बदलीच. काही ठिकाणी जुना जॉइंट दाबून, वर वेल्डिंगचा टाका मारून ‘टाइट’ करून देतात. वेल्डिंगची उष्णता आतले प्लास्टिक जाळते. असा जॉइंट नको म्हणजे नकोच.

आता बुश. हातात घेतला तर मामुली दिसतो. बाहेर पोलादाची नळी, आत त्याहून लहान नळी, आणि मधल्या जागेत दोन्हींना पक्के चिकटवलेले रबर. आतल्या नळीतून जाणारा बोल्ट ती नळी चासीच्या दोन कानांमध्ये इतकी आवळून धरतो की ती फिरूच शकत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा या सगळ्यात काहीही घसरत नाही, फक्त मधले रबर पिळले जाते आणि परत उलगडते. म्हणून त्याला तेल लागत नाही, त्याचा आवाज येत नाही, आणि रस्त्याची थरथर त्यातच विरते. घरी तेलाच्या कॅनने बुशवर ‘थोडे ऑइल’ सोडणारे लोक मी पाहिले आहेत. इंजिन ऑइलने रबर फुगते आणि मऊ पडते, तेव्हा तो उपाय रोगाहून वाईट. ऑइल सीलमधून ठिबकणारे तेल नेमके खालच्या बुशवर पडत असेल तर आधी ते ठिबकणे बंद करावे, नाहीतर नवा बुशही त्याच वाटेने जाईल.

रबराला वय असते, नुसते किलोमीटर नसतात. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, इंजिनची धग, उन्हातली पार्किंग, यांनी ते कडक होते आणि त्याला भेगा पडतात. म्हणून ‘गाडी फक्त तीस हजार चाललीय’ ही पंधरा वर्षांच्या गाडीची जाहिरात सस्पेन्शनच्या बाबतीत फारसे काही सांगत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आरटीओत नूतनीकरणाला येते. तिथे जाण्याआधी बहुतेक जण रंग आणि हेडलाइट बघतात. खाली वाकून बुश बघितले तर जास्त उपयोगाचे होईल.

तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. एक जॅक, भक्कम स्टँड, एक पहार, टॉर्च आणि मदतीला एक माणूस. आवाजाचा स्वभाव आधी ऐकून घ्यावा. पेव्हर ब्लॉकवर सावकाश जाताना बारीक खडखड येते ती बहुधा स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडची. ज्या गाड्यांना वेगळे लिंक रॉड आहेत त्यांच्यात हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त बदनामी करणारा भाग. हुशार मेकॅनिक दोन्ही बाजूंचे लिंक तात्पुरते काढून बाजूला बांधतो आणि गल्लीत एक फेरी मारतो. आवाज बंद झाला तर चोर सापडला. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना ‘टंग’ असा आवाज येऊन झटका बसत असेल तर वरचे माउंटिंग किंवा त्यातले बेअरिंग अडकते आहे. एकाने स्टिअरिंग वळवावे, दुसऱ्याने स्प्रिंगला बाहेरून नुसता हात टेकवून ठेवावा. स्प्रिंग पीळ धरून अचानक सुटते ते तळव्याला स्पष्ट कळते.

मग चाक उचलायचे. टायरला घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवले आणि ढिलाई लागली तर टाय रॉड एंड किंवा रॅकचे आतले टोक. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवले तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. या दोघांतला फरक कळायला मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ढिलाई गेली तर बेअरिंग, राहिली तर नजर बॉल जॉइंटकडे. मॅकफर्सनमध्ये गाडीचे वजन स्प्रिंगमधून थेट वर बॉडीला जाते, लोअर आर्मवर ते फारसे नसते. म्हणून चाक लोंबते ठेवून, आर्म आणि नकल यांच्यामध्ये पहार घालून जॉइंटची ढिलाई बघता येते. खालच्या आर्मवर स्प्रिंग बसवलेल्या गाडीत आर्म मोकळा लोंबत ठेवला तर स्प्रिंगच जॉइंटला ताणून धरते आणि झीज लपून जाते. तिथे जॅक आर्मखाली घ्यावा लागतो.

बुशची परीक्षा डोळ्यांनी अर्धीच होते. कडेच्या वरवरच्या भेगा म्हणजे निकाल नव्हे. पहार लावून आर्म सरकवायचा. चांगला बुश थोडा नाखुशीने दबतो आणि हात सैल केला की जागेवर येतो. मेलेला बुश तोंड उघडतो: रबर आणि नळी यांच्यात फट दिसते, आतली नळी मधोमध न राहता एका कडेला टेकलेली असते, आणि पहार हलवताच तोच ओळखीचा ‘टक’ ऐकू येतो. हा आवाज गॅरेजमध्ये स्वतःच्या कानांनी ऐकला की बिलावर सही करताना मनात किंतू राहत नाही.

शॉकअप निर्दोषच असते असे मात्र नाही. त्याचे काम गाडी उचलून धरण्याचे नाही, ते स्प्रिंगचे. गाडी एका बाजूला बसली असेल तर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतची उंची दोन्हीकडे मोजावी. फरक असेल तर स्प्रिंग बसली किंवा तुटली. शॉकअप स्प्रिंगची उसळी थांबवते. आतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीची ऊर्जा उष्णतेत जाते. तेल गळून अंग ओले झाले असेल, त्यावर धुळीची चिकट लपेट बसली असेल, किंवा टायरवर ठरावीक अंतराने खळगे पडले असतील तर शॉकअप गेले. बॉनेटचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी युक्ती पूर्ण मेलेले शॉकअप पकडते, अर्धमेले नाही.

काय लगेच बदलायचे आणि काय थांबू शकते, याचा हिशेब सरळ आहे. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड यांना उद्या नाही. पहिला निखळला तर चाक आडवे होते, दुसरा निखळला तर चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही. लोअर आर्मचे बुश महिनाभर थांबतील, पण तेवढ्यात टायर खातील. लिंक रॉड नुसता कटकट करतो. शॉकअप बदलायचे तर डावे-उजवे जोडीनेच, नाहीतर गाडी दोन वेगवेगळ्या स्वभावांची होते. आणि स्ट्रट उघडलाच आहे तर माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर आणि धुळीचा बूट नवे घालावेत. मजुरी तीच लागते. जुने माउंटिंग परत घातले की चार महिन्यांत तोच स्ट्रट पुन्हा खाली येतो.

मालाचा प्रश्न उरतो. पुण्यात नाना पेठेत उभे राहिले तर एकाच लोअर आर्मचे तीन-चार भाव ऐकू येतात: कंपनीचा, कंपनीला माल पुरवणाऱ्याच्या नावाचा, आणि ‘लोकल, पण मस्त आहे’. माझ्या मते मधला बहुतेक वेळा शहाणपणाचा. गॅब्रिएलसारखी शॉकअप बनवणारी भारतीय कंपनी १९६१ पासून आहे आणि गाडी कंपन्यांनाच माल देते, तेव्हा त्याच नावाचे खोके उघड्या बाजारात घेण्यात कमीपणा नाही. मात्र नावाजलेल्या खोक्यात नकली मालही येतो. अनेक गाड्यांत बॉल जॉइंट आणि बुश आर्ममध्येच बसवलेले मिळतात. सुटे बुश दाबून बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. हातोड्याने ठोकलेला बुश तिरका जातो. जवळ चांगला प्रेस नसेल तर पूर्ण आर्म घेणे परवडते. पॉलियुरेथेनचे रंगीत बुशही मिळतात. ते टिकतात आणि स्टिअरिंग चोख करतात, पण रस्त्याचा प्रत्येक खडा सीटपर्यंत पोचवतात. रोज ऑफिसला जाणाऱ्या जुन्या गाडीत त्यांचे काम नाही.

प्रत्यक्ष कामात पाहण्यासारख्या जागा मोजक्याच. गाडी स्टँडवर हवी. विटा किंवा फरशीच्या तुकड्यांवर टेकवलेल्या गाडीखाली कोणी जात असेल तर त्याला बाहेर बोलवावे, मग तो कितीही जुना कारागीर असो. टाय रॉड एंडची कॅसल नट सुटली तरी निमुळता दांडा आपल्या भोकात घट्ट रुतलेला असतो. वरून ठोकायचे नाही, पुलर लावायचा. पुलर नसेल तर नट दोन-तीन आटे राहील अशी ठेवून ज्या डोळ्यात दांडा बसला आहे त्याच्या कडेवर हातोडा मारायचा. नवा एंड चढवताना जुना किती आट्यांवर होता ते मोजून घेतले की गाडी अलाइनमेंटपर्यंत तरी सरळ जाते. कॅसल नटची भोके जुळत नसतील तर नट पुढे आवळून जुळवावी, मागे सैल करून नाही, आणि स्प्लिट पिन नवी.

मारुतीच्या बऱ्याच मॉडेलांत बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो. दांड्याला कमरेशी एक खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. नवखा हात बोल्ट सैल करून आर्म खाली ओढत बसतो, घाम गाळतो, शेवटी पहारीने बूट फाडतो. तो बोल्ट पूर्ण बाहेर काढल्याशिवाय दांडा सुटणारच नाही. बसवतानाही खाच बोल्टच्या रेषेत आली आहे का ते बघूनच बोल्ट घालायचा. कोकणपट्टीत आणि मुंबईत खाऱ्या हवेने हे बोल्ट असे गंजतात की आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवलेले बरे. आर्म सुटल्यावर नकल बाहेर झुकते. तिला तशीच लोंबू दिली तर एक्सलचा आतला जॉइंट आपल्या जागेतून ओढला जातो. तारेने बांधून ठेवायची. ब्रेकचा कॅलिपर पाइपवर टांगून ठेवणे हाही त्यातलाच प्रकार.

स्प्रिंग हा धोक्याचा भाग. स्ट्रटच्या माथ्याची मधली नट स्प्रिंगला दाबून धरते, आणि कंप्रेसरने आवळलेली स्प्रिंग दोन-तीनशे किलोच्या जोराने सुटायला बघत असते. कंप्रेसर न लावता ती नट खोलली तर माउंटिंग गोळीसारखे उडते. हे काम घरी, उधारीच्या अवजारांवर करू नये.

सगळे बसले की शेवटचा पाना, आणि नवे रबर बहुतेकदा इथेच मारले जाते. गाडी हवेत, चाके लोंबती, लोअर आर्म खाली झुकलेला, आणि मेकॅनिक त्याच अवस्थेत बुशचा बोल्ट करकचून आवळतो. आतली नळी त्या कोनात कायमची अडकते. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि रबर उभ्या गाडीतही पिळलेलेच राहते. त्यात खड्ड्यांचा पीळ मिळतो आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. मग ‘हल्ली मालच तसला येतो’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. बरोबर रीत अशी: बोल्ट आधी नुसते टेकवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोन-चारदा दाबून बसू द्यायची, आणि मग पिटमध्ये उतरून टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यावर बोल्ट आवळायचे. पिट नसेल तर आर्मखाली जॅक लावून तो उभ्या गाडीतल्या उंचीला आणायचा. पाच मिनिटांचे काम आहे. गिऱ्हाइकाने गॅरेजमध्ये थांबून काही बघायचेच असेल तर हे बघावे.

यानंतर अलाइनमेंट, आणि त्यात पहिला मान ‘टो’चा, म्हणजे वरून पाहिले तर दोन्ही चाकांची तोंडे किती आत-बाहेर आहेत त्याचा. प्रत्येक चाक अर्धा अंश जरी चुकले तरी गाडी सरळच जाते, कारण दोन्ही चाके एकमेकांविरुद्ध ओढत बरोबरी साधतात. पण साधी भूमिती सांगते की अशा स्थितीत टायर दर किलोमीटरला जवळजवळ नऊ मीटर आडवा घासला जातो. टायरवरून आडवा हात फिरवला आणि एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखे लागले तर टो बिघडला आहे. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बिघडला तर टायर एकाच कडेने झिजतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत कंपनीने कॅम्बरला ॲडजस्टमेंट दिलेलीच नसते, तेव्हा तो आकडा फारच लांब गेला तर वाकलेला आर्म किंवा नकल शोधावी. बोल्टचे भोक कानसून वाढवणारे भेटतात, त्यांना तिथेच थांबवावे.

अलाइनमेंटच्या माणसाला आधीच सांगावे की नवे भाग पडले आहेत, आणि टायरची हवा त्याच्यासमोर तपासून घ्यावी. त्याने स्टिअरिंग सरळ लॉक करून दोन्ही टाय रॉड सारखे फिरवायला हवेत. घाईत एकच फिरवला तर टो बरोबर येतो पण स्टिअरिंगचा लोगो तिरका राहतो. आधीचे आणि नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्यावा, गाडी सरळ रस्त्यावर स्वतः चालवून बघावी, आणि लोगो तिरका दिसला तर पैसे देण्याआधीच गाडी परत रॅम्पवर चढवायला सांगावी.